चातुर्मासाच्या पहिल्या उपवासाआधी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा

आषाढी एकादशी तोंडावर आली आहे. तिथून कार्तिकीपर्यंतचे चार महिने आपल्या घरांत उपवासांना खंड नसतो. एकादश्या, श्रावणी सोमवार, शनिवार, गोकुळाष्टमी, हरतालिका, ऋषिपंचमी आणि मग नवरात्राचे नऊ दिवस. हैदराबाद-सिकंदराबादेत राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला, मग ते काचीगुड्याच्या जुन्या घरात असो की गच्चीबावलीच्या चौदाव्या मजल्यावर, माझी हात जोडून एक विनंती आहे. तुमच्या घरात साठीच्या पुढचे कोणी मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या, कंपवाताच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेत असेल, तर पहिला उपवास धरण्याआधी त्यांना गोळ्यांच्या चिठ्ठीसकट डॉक्टरांकडे घेऊन जा. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी, किती आणि केव्हा, हे लिहूनच आणा. ही भेट याच आठवड्यात ठरवा. डोस बदलावा लागला तर तो मानवतो की नाही हे पाहायला पुढे काही दिवस हाताशी हवेत.

ही घाई मेंदूसाठी आहे. भारतात साठीच्या पुढच्या शंभर माणसांपैकी सात-आठ जणांना स्मृतिभ्रंश आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा आकडा ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. आपल्याकडे बहुतेक घरांत याला ‘वय झालं’ म्हणतात आणि गप्प बसतात. पण २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने जगभरचा अभ्यास तपासून सांगितले की स्मृतिभ्रंशाची जवळजवळ निम्मी, ४५ टक्के, प्रकरणे टाळता किंवा लांबवता येण्याजोग्या चौदा कारणांशी जोडलेली आहेत. त्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, लठ्ठपणा आहे, वाईट कोलेस्टेरॉल आहे. चारही गोष्टींची वाट स्वयंपाकघरातून जाते. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे २०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीत दिसले. तेव्हा हे संकट दुसऱ्याच्या घरचे समजू नका.

आता उपवासाच्या दिवशी नेमके काय घडते ते सांगते. आजोबा पहाटे उठतात, अंघोळ-पूजा होते, सवयीने सकाळची मधुमेहाची गोळी घेतात. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या जातीची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न पडले आहे की नाही हे ती पाहत नाही. देवळात गर्दी असते, दर्शनाला दोन तास लागतात, फराळाचे ताट समोर यायला बारा वाजतात. मधल्या वेळात साखर ७० च्या खाली घसरते. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण तो शरीराच्या एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा घेतो आणि ती जवळजवळ सगळी ग्लुकोजमधून. त्यामुळे पहिला फटका त्यालाच बसतो. हाताला कापरे भरते, दरदरून घाम येतो, माणूस विनाकारण चिडतो, बोलणे अडखळते, समोरची सून ओळखू येत नाही. घरचे म्हणतात, उपाशीपोटी पित्त झाले असेल, जरा पडू दे. आणि माणूस पडल्या पडल्या बेशुद्धीत जातो.

अशा वेळी साखर मोजायचे यंत्र हाताशी असेल तर मोजा, नसेल तर मोजण्यात वेळ घालवू नका. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्या. पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच साखर द्या, आणि बरे वाटल्यावर पोटभर खायला घाला. उपवास तिथेच संपला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका सेवा २००५ साली याच शहरातून सुरू झाली, ती आपल्यासाठीच आहे.

साखर एकदा घसरली आणि सावरली म्हणजे प्रकरण मिटले असे समजू नका. कॅलिफोर्नियात १६,६६७ मधुमेहींची वर्षानुवर्षे नोंद ठेवून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साखर इतकी घसरली की रुग्णालयात न्यावे लागले, असे ज्यांच्या बाबतीत एकदा झाले, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने जास्त होता. तीन किंवा अधिक वेळा झाले त्यांच्यात तो जवळजवळ दुप्पट होता. अशा अभ्यासातून कारण-परिणाम पक्का ठरत नाही, हे मान्य. पण आपल्या आईवडिलांच्या मेंदूवर हा प्रयोग करून पाहायची गरज मला तरी दिसत नाही.

याच्या उलट चूकही तितकीच चालते. ‘आज उपवास आहे, गोळी कशाला’ म्हणून गोळी चुकवायची आणि दिवसभर खिचडी, बटाट्याचा कीस, साबुदाण्याचे वडे, दाण्याचा लाडू, रात्री पुन्हा भगर आणि गोड रताळी. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी आपल्यासाठी करून ठेवली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट: शंभर ग्रॅममागे सुमारे ८७ ग्रॅम. प्रथिने नावाला, तंतू जवळजवळ नाहीतच. दाण्याच्या कुटाने थोडी भर पडते, पण मोठ्या वाडग्याभर खिचडीनंतर मधुमेही माणसाची साखर कुठे जाते ते एकदा यंत्रावर पाहा, मग कोणी सांगायची गरज उरणार नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या घेणाऱ्यांना वेगळाच धोका असतो. लांबलेल्या निरंकार उपवासात त्यांच्या रक्तात आम्ल साचू शकते, आणि तेही साखर फारशी वाढलेली नसताना. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर ते ‘उपवासाचे पित्त’ समजून सोडा-लिंबू देत बसू नका, रुग्णालय गाठा.

मधुमेहाखेरीज इतरांनाही सांगायचे आहे. फिटची गोळी एक दिवसही चुकवू नका. चुकलेली गोळी, उपाशी पोट आणि जागरण ही तिन्ही मिळून फिटला आमंत्रण देतात, आणि आपल्याकडे एकादशीच्या रात्री तिन्ही एकत्र येतात. कंपवाताची लेव्होडोपा अचानक थांबवली तर शरीर ताठरते, ताप चढतो, जिवावर बेतू शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने निर्जळी केली तर उठता-बसता भोवळ येते. त्यातून न्हाणीघरात पडणे आणि डोक्याला मार, हे आलेच. आणि अर्धशिशी असलेल्या बायांना हरतालिकेच्या रात्री काय भोगावे लागते, ते त्याच जाणतात.

या शहरात आपले शेजारी रमजानचा महिनाभर उपवास करतात. त्यांच्यातल्या मधुमेहींसाठी जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन नियम लिहून ठेवले आहेत: रोजे सुरू होण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा, गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या, दिवसा साखर मोजत राहा, ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडा. हे उगाच आले नाही. तेरा देशांत बारा हजारांवर मधुमेहींची पाहणी झाली तेव्हा रमजानमध्ये टाइप-२ च्या रुग्णांत साखर गंभीर घसरण्याचे प्रमाण साडेसात पट वाढलेले दिसले. चारमिनारच्या गल्लीतला एखादा वयस्क गृहस्थ रमजानच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन येत असेल, तर आपण आषाढीआधी का जाऊ नये? आपल्या चातुर्मासासाठी असे काही कोणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. तोवर त्यांचेच नियम आपल्याला पुरतात.

व्रत मोडेल ही भीती अनेकांच्या, विशेषतः आईआजींच्या, मनात खोल असते. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्याच ग्रंथांचा आधार द्या. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रताचा भंग होत नाही, हे आपल्या व्रतनिबंधांत स्वच्छ सांगितले आहे. पंढरपूरच्याच काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला. त्यातही एकादशीचे बंधन आठ वर्षांवरच्या आणि ऐंशीच्या आतल्या माणसाला आहे, आणि ज्याला उपवास झेपत नाही त्याच्यासाठी सोप्या वाटा दिल्या आहेत. गोळी घेऊन आणि वेळेवर दूध-फळ खाऊन केलेली एकादशी पूर्ण एकादशी आहे. हे आजीला तिच्या नातवाने सांगितले तर ती कदाचित हसेल. देवळातल्या कीर्तनकाराने व्यासपीठावरून सांगितले तर ती ऐकेल. म्हणून कीर्तनकार, प्रवचनकार आणि पुरोहित मंडळींना वेगळी विनंती करते: चातुर्मासाच्या पहिल्याच निरूपणात दोन मिनिटे यासाठी द्या.

आता तुमच्यातले अनेकजण म्हणतील, मोबाइलवर तर रोज येते की उपवासाने मेंदू तरुण होतो, पेशी आपली घाण स्वतः साफ करतात, एका जपानी शास्त्रज्ञाला त्यावर नोबेल मिळाले. नोबेल मिळाले हे खरे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली, पेशी आपलेच निकामी भाग पचवून कशा पुन्हा वापरतात याच्या शोधासाठी. तो शोध त्यांनी यीस्टवर लावला होता. उपवास करणाऱ्या माणसांचा मेंदू त्यांनी तपासला नव्हता. उपवास आणि मेंदू यांवर सर्वांत जास्त काम अमेरिकेतल्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत मार्क मॅटसन यांनी केले, तेही मुख्यतः उंदरांवर. बारा तासांच्या आसपास अन्न थांबले की यकृतातला साठा संपत येतो, शरीर चरबीतून कीटोन तयार करते आणि मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. उंदरांत याचे फायदे दिसले आहेत. माणसांत २०२४ साली त्याच संस्थेचा एक छोटा प्रयोग आला. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या पण बुद्धी शाबूत असलेल्या ४० प्रौढांपैकी अर्ध्यांनी आठ आठवडे आठवड्यातून दोन दिवस अगदी कमी खाल्ले, अर्ध्यांनी नुसता चौरस आहार घेतला. मेंदूच्या आरोग्याच्या खुणा दोन्ही गटांत सुधारल्या, उपवासाच्या गटात काही बाबतींत थोड्या अधिक. आशा वाटावी असे आहे. पण चाळीस माणसे, दोन महिने आणि डॉक्टरांची देखरेख, एवढ्यावरून बहात्तर वर्षांच्या इन्सुलिन घेणाऱ्या वडिलांना सोळा तास उपाशी ठेवायचे धाडस कोणी करू नये. उपवासाने स्मृतिभ्रंश टळतो असे आजमितीला कुठल्याही प्रयोगाने सिद्ध केलेले नाही.

जिथे उपासमारीसारखा आहार मेंदूच्या रोगावर खरोखर औषध ठरला, ते उदाहरण फिटचे. फिट्ससाठी १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प पिष्ट असलेला कीटोजेनिक आहार सुचवला आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या फिट्ससाठी तो आजही वापरला जातो. तो आहार ग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासत, मेंदूविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ मिळून देतात. समाजमाध्यमांवरच्या ‘कीटो’चा त्याच्याशी नावापुरता संबंध आहे.

आहाराने मेंदू बिघडतो हे मात्र आपल्या शहराला फार जवळून माहीत आहे. तारनाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला ती सुरू झाली तीच बेरीबेरीची चौकशी म्हणून. अति पॉलिश केलेल्या तांदळाने बी-१ जीवनसत्त्व कमी पडून नसा निकामी करणारा तो रोग. १९५८ मध्ये संस्था हैदराबादला आली. त्याच सुमारास दख्खनच्या पठारावरचे गरीब ज्वारीखाऊ लोक पेलाग्राने पछाडलेले होते: उन्हात कातडी काळी पडून सोलणे, जुलाब, आणि शेवटी बुद्धिभ्रंश. सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की ज्वारीतल्या ल्यूसीनमुळे शरीराला नायसिन हे जीवनसत्त्व वापरता येत नाही. त्या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले, पण नायसिनच्या अभावाने माणसाला वेड लागते आणि ते दिल्याने तो शुद्धीवर येतो, यात वाद नाही. ही कोणा परक्यांची गोष्ट नव्हे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नांदेड, परभणी, बीडहून इथे आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांचे ताट हेच होते. यावरून भाकरी सोडू नका. दोष ज्वारीचा नव्हता, ज्वारीखेरीज ताटात काहीच नसण्याचा होता. वरण, ताक, भाजी सोबत असली की ज्वारी उत्तम.

आज त्या जागी दुसरा अभाव बसला आहे, आणि तो सुखवस्तू शाकाहारी घरांत जास्त आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ निरोगी पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली आलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होते, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. बी-१२ कमी झाले की तळपायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, विसरायला होते, माणूस उदास होतो. हुबेहूब म्हातारपण. पण वेळेत कळले तर इंजेक्शन किंवा गोळीने यातले बरेच काही परत येते, उशीर झाला तर येत नाही. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका आणखी. डॉक्टरांकडे जाल तेव्हा साखरेसोबत बी-१२ तपासण्याबद्दल विचारा. आणि पित्तासाठी पँटोप्राझोल स्वतःच्या मनाने वर्षभर घेत असाल तर तेही सांगा, लपवू नका.

रोजच्या ताटासाठी बाहेरची कुठली पद्धत आणायची गरज नाही. शिकागोत बेतलेला मेंदूसाठीचा ‘माइंड’ आहार खूप गाजला, पण २०२३ साली ६०४ जणांवर तीन वर्षांचा प्रयोग झाला तेव्हा त्या गटात आणि थोडे कमी खाणाऱ्या दुसऱ्या गटात म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. फिनलंडमध्ये मात्र १,२६० वयस्कांना आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असे सगळे एकत्र दिले, तेव्हा दोन वर्षांत फायदा दिसला. एकट्या ब्लूबेरीने काही होत नाही, हे यातून घ्यावे. तारनाक्याच्या संस्थेने सांगितलेले दिवसभराचे ताट आपल्या खिशाला आणि जिभेला परवडणारे आहे: ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ३०० मिलिलिटर दूध-दही, मूठभर दाणे-तीळ-बदाम, आणि तेल २७ ग्रॅम. आपल्या ताटात धान्य याहून जास्त आणि भाजी याहून बरीच कमी असते. सोना मसुरीच्या ढिगाऱ्यावर लिंबाएवढी भाजी आणि आवकायाची फोड, ही रोजची जेवणाची रीत बदला. लोणच्या-पापडांतून जाणारे मीठ रक्तदाब वाढवते आणि पक्षाघाताला बोलावते. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चमचाभर मीठ, यात स्वयंपाकातले, ताटातले, लोणच्याचे सगळे आले.

उपवासाच्या दिवशीही याच अंगाने चला. खिचडी हवीच असेल तर वाटीभर, आणि सोबत घट्ट दही. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दुधी किंवा भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, दूध, एखादे फळ, मूठभर दाणे. वरई-भगरीचे सुटे, जुने पीठ आणू नका. दमट हवेत त्यावर बुरशी धरते आणि नवरात्रात भगरीतून विषबाधेच्या बातम्या मराठवाड्यातून दरवर्षी येतात. नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहण्याचा नवस कोणी केला असेल, तर त्यांना प्रेमाने थांबवा. आधीच अशक्त, उलट्या होणाऱ्या किंवा दारूची सवय असलेल्या माणसात बी-१ चा साठा संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आपल्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे, तीही सांगून ठेवते. पंजागुट्ट्याच्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ च्या त्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडलेला दिसला, अगदी निरक्षर माणसांतही. घरी मराठी, बाजारात दखनी, कचेरीत तेलुगू बोलत आयुष्य काढलेली आपली वडीलधारी मंडळी ही शिदोरी घेऊनच बसली आहेत. ती साखरेच्या एका झटक्यात वाया जाऊ देऊ नका.

विवेक वर्धिनी, मराठी साहित्य परिषद, महाराष्ट्र मंडळ आणि गल्लोगल्लीच्या भजनी मंडळांनी आषाढीच्या आधीच्या रविवारी साखर आणि रक्तदाब तपासणीचे एक टेबल मांडावे. एक यंत्र, पट्ट्यांचा डबा, गोळ्यांच्या चिठ्ठ्या वाचू शकणारा एक डॉक्टर, एवढ्यात काम होते. मुले अमेरिकेत, पुण्यात असलेल्या आणि इथे एकट्या राहणाऱ्या आजीआजोबांची यादी करा. त्यांच्यातले अनेकजण स्वयंपाकाचा कंटाळा करून चहा-बिस्किटांवर दिवस काढतात आणि त्यालाच उपवास म्हणतात. एकादशीला सकाळी अकराच्या आत त्यांना एक फोन करा. बोलणे अडखळत वाटले किंवा नाव चुकले, तर फोन ठेवू नका, शेजाऱ्याला पाठवा. परदेशातल्या मुलांनीही त्या दिवशी आपल्याकडचे अकरा वाजलेले पाहून घड्याळ लावावे.

आणि तुम्ही स्वतः हे वाचत असाल व मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल, तर उठा, गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांची वेळ घ्या. आषाढीपूर्वीची.